तायक्वांदोचा करीना

सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या पटांगणांवर संध्याकाळी दिसणारे एक दृश्य आता नवे राहिलेले नाही. पांढऱ्या पोशाखातील मुलेमुली रांगेत उभी आहेत, कमरेला पांढरे, पिवळे, हिरवे पट्टे आहेत, आणि शिक्षक अंक मोजत आहेत : हाना, दूल, सेत, नेत. कृष्णाकाठच्या मुलांना कोरियन भाषेतले एक-दोन-तीन पाठ असावे ही तशी नवलाची गोष्ट. पण नवल वाटण्याइतके तिच्याकडे कोणी पाहत नाही. १९७०च्या दशकात जिमी जगतियानी यांनी तायक्वांदो भारतात आणला. पुढे शालेय क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाला, दहावी-बारावीच्या क्रीडागुणांशी त्याचा संबंध जुळला, आणि लाल मातीच्या तालमीची पायरी ज्या घरांतून कोणी चढले नव्हते त्या घरांतील मुलीही या वर्गांना जाऊ लागल्या.

अशा वर्गात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी थोडा मोठा आणि वाचणारा असला, तर पहिल्या काही आठवड्यांतच त्याला एक प्रश्न पडतो : हे आले कुठून? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही तयार असते. पट्ट्याच्या परीक्षेसाठी वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांतून ते ठरलेल्या शब्दांत सापडते. तायक्वांदो दोन हजार वर्षांचा आहे. कोगुर्यो राज्याच्या थडग्यांतील भित्तिचित्रांत तो दिसतो. सिल्ला राज्यातील ‘ह्वारांग’ नावाच्या तरुण वीरांनी तो जोपासला. जपानी राजवटीत तो दडपला गेला आणि स्वातंत्र्यानंतर पुन्हा प्रकट झाला. आपल्याकडे या उत्तराला एक देशी पुरवणी जोडण्याची प्रथा आहे : मुळात ही सारी विद्या आपलीच, कांचीपुरमच्या बोधिधर्माने ती चीनला नेली, तिथून ती पुढे गेली. विद्यार्थी हे पाठ करतो, तोंडी परीक्षेत सांगतो आणि पुढचा पट्टा घेतो.

या उत्तराकडे कसे पाहावे? ‘खोटे आहे’ म्हणून ते फेकून देणे सोपे आहे, पण त्याने काहीच हाती लागत नाही. आमच्या मते हे उत्तर म्हणजे एक करीना आहे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हा शब्द सांगायला नको. जेधे करीन्यामुळे तो साहित्याच्या विद्यार्थ्यांच्याही कानावरून गेलेला असतो. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापली हकीकत लिहून देत : आमचा मूळ पुरुष अमुक, त्याने तमुक राजाची चाकरी केली, त्याला हे वतन मिळाले, मध्ये अमुकाने ते बळकावले, म्हणून ते आम्हाला परत मिळावे. तकरीर, करीना, महजर अशा कागदांनी आपली दप्तरे भरलेली आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ साली निघालेला पहिला खंड वाईत सापडलेल्या कागदांवर उभा राहिला. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत पटवर्धनी दप्तर वाचण्यात आयुष्य घालवले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात बसून कागदपत्रांचा संग्रह केला. या मंडळींच्या कामातून जुना कागद वाचण्याची जी शिस्त आपल्याला मिळाली तिच्यात एक गोष्ट येतेच : करीना समोर आला की त्यातला मूळ पुरुष खरा की खोटा, एवढ्यावर थांबायचे नसते. हा कागद कधी लिहिला गेला, कोणापुढे ठेवला गेला आणि तंटा कोणत्या वतनाचा होता, हे आधी विचारायचे असते. तायक्वांदोच्या करीन्याला आपण हेच प्रश्न विचारू.

प्रथम मूळ पुरुषाकडे. कोगुर्योच्या थडग्यांत समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन पुरुषांचे चित्र खरोखरच आहे. ते लढत आहेत, नाचत आहेत की कुस्तीच्या पवित्र्यात आहेत यावर मतभेद आहेत; आणि ते लढत आहेत असे मानले तरी हात उगारलेली दोन माणसे जगातील कोणत्याही जुन्या चित्रकलेत सापडतात. सिल्लाचे ह्वारांग ऐतिहासिक आहेत. ११४५ साली पूर्ण झालेल्या ‘सामगुक सागी’ या ग्रंथात त्यांची माहिती येते. पण तो ग्रंथ त्यांच्या नीतिशिक्षणाविषयी, गीतनृत्याविषयी, पर्वतयात्रांविषयी आणि रणांगणावरील मरणाविषयी बोलतो. ज्याच्याशी तायक्वांदोचे नाते जोडता येईल अशी लाथाबुक्क्यांची कोणतीही पद्धत त्यात वर्णिलेली नाही. राजा जंगजो याच्या आज्ञेने १७९० साली सिद्ध झालेल्या ‘मुये दोबो तोंगजी’ या सचित्र युद्धविद्याग्रंथात नि:शस्त्र मुष्टियुद्धाचे एक प्रकरण आहे खरे. मात्र त्याचा मोठा आधार छी जीग्वांग या सोळाव्या शतकातील चिनी सेनापतीच्या ग्रंथाचा आहे, आणि त्यातील डावांपासून आजच्या वर्गापर्यंत येणारी गुरुशिष्यांची अखंड साखळी दाखवता येत नाही. ‘तेक्क्यन’ नावाचा पायांचा एक देशी खेळ मात्र कोरियात होता. तो सोंग दक-गी नावाच्या वृद्ध खेळाडूच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत टिकला, १९८३ साली त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०११ साली युनेस्कोच्या यादीत तो गेला. पण तायक्वांदोचे पहिले शिक्षक तेक्क्यनच्या आखाड्यात शिकलेले नव्हते. ते तोक्योत शिकलेले होते.

इथून खरी हकीकत सुरू होते, आणि ती आम्हाला पुस्तिकेतील हकीकतीपेक्षा अधिक ओढून घेते. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. वसाहतीतील हुशार मुले शिकायला राज्यकर्त्यांच्या राजधानीत जातात, हा नियम आपल्याला परिचयाचा आहे. आपली लंडनला जात, कोरियाची तोक्योला गेली. त्यांच्यात ली वन-कुक हा कायद्याचा विद्यार्थी होता. तोक्योत तेव्हा फुनाकोशी गिचिन हे ओकिनावा बेटावरून आलेले शाळामास्तर विद्यापीठांतील तरुणांना कराटे शिकवत असत. ली त्यांच्याकडे शिकला, परतला आणि १९४४ साली सेऊलमध्ये त्याने ‘चुंग दो क्वान’ काढले. फुनाकोशींचाच दुसरा शिष्य रो ब्युंग-जिक याने त्याच वर्षी केसोंगमध्ये ‘सोंग मू क्वान’ काढले. सगळेच एका गुरूचे चेले होते असे नाही. युन ब्युंग-इन मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध शिकला होता आणि जपानमध्ये कराटेही. ह्वांग की याची कथा साहित्याच्या माणसांना विशेष आवडावी अशी आहे : रेल्वेच्या नोकरीत असताना तेथील ग्रंथालयात त्याला ओकिनावाच्या कराटेवरील पुस्तके सापडली आणि त्यांतून त्याने पुष्कळसे उचलले, हे त्याने स्वतःच उतारवयात लिहून ठेवले आहे. १९४५ साली त्याने ‘मू दक क्वान’ स्थापन केले. गुरुमुखाशिवाय विद्या नाही असे मानणाऱ्या परंपरेचा एक प्रवर्तक वाचनालयात घडला होता.

या पहिल्या शाळांतून जे शिकवले जाई त्याला ‘तांग सू दो’ किंवा ‘कोंग सू दो’ म्हणत. ही दोन्ही नावे ‘कराटे-दो’ याच शब्दाची कोरियन उच्चारणे आहेत, आणि दोन का, हे समजण्यासाठी ओकिनावात डोकावावे लागते. ओकिनावा हे र्‍युक्यू राज्याचे मुख्य बेट. १८७९ साली जपानने ते खालसा केले. तेथील मुष्टिविद्येच्या नावातील ‘कारा’ या अक्षराचा मूळ अर्थ तांग राजवंशाचा देश, म्हणजे चीन. चिनी हात तो कराटे. विद्येचे मूळ नावातच कबूल केलेले होते. पण १९३०च्या दशकात जपान चीनवर चाल करून गेलेला असताना चीनचे नाव मिरवणे अवघड झाले. ‘कारा’ असाच उच्चार असणारे, पण ‘रिकामा’ असा अर्थ देणारे दुसरे अक्षर हाताशी होते. फुनाकोशींनी त्याचा पुरस्कार केला आणि १९३६ साली नाहा येथे भरलेल्या ओकिनावी आचार्यांच्या बैठकीत त्यालाच मान्यता मिळाली. चिनी हाताचा रिकामा हात झाला. एक अक्षर बदलून विद्येचा वंश बदलण्याची ही युक्ती ज्यांनी तोक्योत पाहिली, त्यांनीच पुढे सेऊलमध्ये तिच्याहून मोठी युक्ती केली. तायक्वांदोचा करीना हा या घराण्यातला पहिला नव्हे.

शब्द हे साक्षीदार म्हणून फार प्रामाणिक असतात. कोरियन वर्गातील ‘दोजांग’ हा जपानी ‘दोजो’च, चिनी अक्षरे तीच, उच्चार वेगळा. शिक्षकाला ‘साबम’ म्हणतात, जपानीत तोच ‘शिहान’. ‘दान’ ही श्रेणी कानो जिगोरो यांनी आपल्या ज्युदोत आणली आणि ती त्यांनी ‘गो’ या पटावरील खेळातून उचलली होती. काळा पट्टाही ज्युदोचाच. आपल्या तालमीची परीक्षा याच कसोटीवर घेऊन पाहावी. पाटीवर ‘मल्लविद्या’ असे संस्कृत नाव असते. पण आत शिरले की तालीम हा शब्द अरबी, कुस्ती फारसी, पैलवान फारसी, वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद, जोर फारसी, खुराक फारसी. म्हणून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते परकी विद्या खेळले असे कोणी म्हणणार नाही. शब्द फक्त एवढेच सांगतात की या मातीत कोणाकोणाची पावले उमटून गेली. ती पुसायची की राहू द्यायची हा नंतरचा, आणि वेगळा, प्रश्न.

शब्दांहून पक्का पुरावा हालचालींचा आहे. या विद्यांत एकट्याने करायचे ठरावीक क्रम असतात. कराटेत त्यांना ‘काता’ म्हणतात, तायक्वांदोत ‘पूमसे’ किंवा ‘तुल’. क्रम म्हणजे शरीराने लिहिलेली संहिताच, आणि संहितेला पाठचिकित्सेचे नियम लागू होतात. ओकिनावाच्या इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच क्रम बसवले. फुनाकोशींनी त्यांना ‘हेइआन’ म्हटले. कोरियातील शाळांत तेच ‘प्यंगान’ झाले. अक्षरे एकच, उच्चार तीन, पावले जवळजवळ तीच. १९६०च्या दशकात त्यांच्या जागी ‘पालग्वे’ नावाचे नवे क्रम आले, पण त्यांतून जुनी संहिता ठिकठिकाणी डोकावत राहिली. मग १९७०च्या दशकात ‘तेगुक’ क्रम रचले गेले. आज शालेय स्पर्धांतील मुले जे आठ क्रम शिकतात ते हेच. त्यांना नावे दिली आहेत ती चिनी ‘इ चिंग’मधील आठ त्रिरेखांची, आणि ‘तेगुक’ हे कोरियाच्या ध्वजावरील चिन्ह. प्रतीमागून प्रत उतरवताना लेखनिक जुने नाव खोडत गेला आहे, पण ओळींचा सांगाडा त्याला पूर्णपणे मोडता आलेला नाही. हस्तलिखितांत रमणाऱ्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल.

दुसरी शाखा जनरल चोई हाँग-ही यांची. चोई १९१८ साली जन्मले, विद्यार्थी म्हणून जपानला गेले, तिथे कराटे शिकले, जपानी सैन्यात सक्तीने भरती झाले आणि स्वातंत्र्यानंतर दक्षिण कोरियाच्या सैन्यात अधिकारी झाले. त्यांच्या शाखेतील क्रमांना कोरियाच्या इतिहासपुरुषांची नावे आहेत आणि प्रत्येक क्रमातील हालचालींच्या संख्येला अर्थ जोडलेला आहे. त्यांपैकी ‘जूंग-गुन’ हा क्रम आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. आन जूंग-गुन याने २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वेस्थानकावर जपानचे माजी पंतप्रधान आणि कोरियाचे पहिले जपानी रेसिडेंट-जनरल इतो हिरोबुमी यांना गोळ्या घालून ठार केले. मार्च १९१० मध्ये त्याला फाशी झाली. मृत्यूच्या वेळी कोरियन गणनेप्रमाणे त्याचे वय ३२, म्हणून या क्रमात ३२ हालचाली. रँडच्या वधाने आणि चापेकरांच्या फाशीने ज्या प्रदेशाच्या आठवणी घडल्या त्याला या ३२ आकड्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पण हालचालींकडे पाहा : उभे राहण्याच्या पद्धती, अडवण्याच्या आणि ठोशाच्या रीती बव्हंशी त्या जपानी कराटेच्या, जे चोई जपानमध्ये शिकले. जपानी सत्ताधीशाला मारणाऱ्याचे स्मारक जपानमध्ये शिकलेल्या व्याकरणात लिहिले गेले आहे. याला विटंबना म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. वसाहतीच्या भाषेत स्वातंत्र्याची घोषणा लिहिणाऱ्या देशाने तर मुळीच म्हणू नये.

‘ह्वारांग’ नावाचा क्रमही आहे. त्यात २९ हालचाली आहेत. नाव सिल्लाच्या वीरांचे असले तरी आकडा सिल्लाचा नाही : चोई यांनी १९५३ साली उभ्या केलेल्या २९व्या पायदळ डिव्हिजनचा आहे, जिथे तायक्वांदो वाढला. करीना लिहिणाऱ्याने दीड हजार वर्षांपूर्वीचा मूळ पुरुष सांगता सांगता आपल्या पलटणीचा क्रमांक तळटीपेसारखा ठेवून दिला आहे. बनावट म्हणून पाहिले तर ही चूक. आम्हाला तर ती स्वाक्षरी वाटते.

आता तंटा कसला होता ते. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात अध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर सैनिकांनी प्रात्यक्षिक केले, कौले फोडली, आणि री उद्गारले की हे तर तेक्क्यन, अशी कथा सांगितली जाते. री यांचे आयुष्य जपानविरोधात गेलेले; त्यांच्यासमोर ‘कराटे’ म्हणण्याची सोय नव्हती. तेक्क्यनच्या जवळपास उच्चार जाणारे नाव शोधण्यात आले. ‘ते’ म्हणजे पायाने तुडवणे, ‘क्वन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. ११ एप्रिल १९५५ रोजी चोई यांनी बोलावलेल्या बैठकीत हे नाव मान्य झाले असे त्यांची शाखा सांगते. पुढे पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत ह्वारांग, सेनापती यी सुन-सिन यांसारख्या वीरांचा राष्ट्रीय गौरव सुरू झाला. पार्क यांनी १९७१ साली स्वहस्ते ‘राष्ट्रीय खेळ तायक्वांदो’ अशी अक्षरे लिहून दिली. १९७२ साली सेऊलमध्ये ‘कुक्कीवन’ हे मुख्यालय उघडले. त्याच वर्षी चोई पार्क यांच्याशी बिनसल्याने कॅनडाला निघून गेले आणि १९६६ साली स्थापलेली आपली आंतरराष्ट्रीय संघटना बरोबर घेऊन गेले. १९७३ साली सेऊलने दुसरी जागतिक संघटना काढली. चोई यांनी १९८० साली आपली विद्या उत्तर कोरियात नेली, आणि २००२ साली त्यांचा अंत प्याँगयांगमध्ये झाला. एक वतन, दोन दावेदार, मध्ये जपानचा जुना हक्क आणि पुढे ऑलिंपिकचा दरबार : अशा वेळी करीना लिहिला जाणार नाही तर केव्हा? कराटेसारखाच पण कराटे नसलेला खेळ ऑलिंपिकमध्ये न्यायचा तर त्याचा मूळ पुरुष निराळा दाखवणे भागच होते. १९८८ साली सेऊलला तायक्वांदो प्रात्यक्षिक म्हणून आला, २००० साली सिडनीत पदकांचा खेळ झाला. २०१८ साली दक्षिण कोरियाने कायदा करून त्याला राष्ट्रीय खेळ ठरवले.

हा करीना तपासण्याचे काम बाहेरच्या टीकाकारांनीच केले असे नाही. १९९९ साली कांग वन-सिक आणि ली क्यंग-म्यंग या कोरियन लेखकांनी तायक्वांदोच्या आधुनिक इतिहासावर पुस्तक लिहून सुरुवातीच्या शाळांची खरी हकीकत पुढे आणली. त्याआधी १९९५ साली स्टीव्हन केपनर या स्वतः तायक्वांदो खेळलेल्या अभ्यासकाने कोरियातूनच निघणाऱ्या नियतकालिकात एक लेख लिहिला, आणि त्यातील एक मुद्दा आम्हाला अतिशय मोलाचा वाटतो. तायक्वांदो कराटेतून आला हे मान्य केले तरी आजचा तायक्वांदो कराटे नाही. तो वेगळा झाला तो स्पर्धेच्या नियमांमुळे. जपानी कराटेत फटका अंगाला लागण्याआधी थांबवायचा असे. १९६०च्या दशकात कोरियन स्पर्धांनी अंगावर संरक्षक कवच चढवून फटका खरोखर मारण्याची मुभा दिली, चेहऱ्यावर ठोसा वर्ज्य केला आणि लाथेला महत्त्व दिले. मग खेळाडूंनी लाथा शोधून काढल्या : वळून मारायच्या, उडून मारायच्या, पाय बदलून मारायच्या. ह्या लाथा थडग्यातील चित्रांत नाहीत आणि तोक्योतही नव्हत्या. सेऊलच्या स्पर्धांत साध्या तरुणांनी गुणांसाठी झगडताना त्या रचल्या. कोरियाचे स्वतःचे असे या विद्येत जे काही आहे ते इथे आहे, आणि पुस्तिकेत नेमके त्यालाच स्थान नाही, कारण ते पुरेसे जुने नाही.

राहता राहिली आपली देशी पुरवणी. बोधिधर्माविषयीचा सर्वांत जुना चिनी उल्लेख इ.स. ५४७च्या सुमाराच्या, लोयांगमधील विहारांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात आहे. तिथे तो पश्चिमेकडून, इराणकडून आलेला वृद्ध भिक्षू आहे आणि एका स्तूपाचे वैभव पाहून हात जोडून उभा आहे. दक्षिण भारतीय हे विशेषण इतर जुन्या कागदांत येते. मुष्टिविद्या मात्र त्यांपैकी कशातच नाही. तिचा उगम १६२४ सालच्या ‘यीजिन जिंग’ नावाच्या व्यायामपुस्तकात आहे, ज्याला सातव्या शतकातील सेनापतीच्या नावाची खोटी प्रस्तावना जोडलेली आहे. थांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३०च्या सुमारासच हे उघड केले आणि मेइर शाहार यांनी शाओलिन विहारावरील २००८ सालच्या ग्रंथात ते सविस्तर मांडले. विसाव्या शतकाच्या आरंभी या कथेचा प्रसार झाला त्यात एका चिनी कादंबरीचाही हात होता, हे साहित्याच्या वाचकांनी जाता जाता नोंदवावे. भारताचा या विद्येशी संबंध शोधायचाच असेल तर तो ठोशांत न शोधता एका शब्दात शोधावा. ‘दोजांग’ किंवा ‘दोजो’ हा शब्द ज्या चिनी अक्षरांचा आहे, त्यांनी जुन्या भाषांतरकारांनी संस्कृत ‘बोधिमंड’ या शब्दाचे भाषांतर केले होते : बुद्धाला ज्या जागी बोध झाला ती जागा. विहारांतून तो शब्द व्यायामशाळेत उतरला. साताऱ्यातील मुले ज्या जागेला दोजांग म्हणून वाकून नमस्कार करतात, तिच्या नावात गयेच्या पिंपळाखालची जागा आहे. हे खरे आहे आणि त्यासाठी कोणालाही काही रचावे लागले नाही.

हे सारे कोरियाचे म्हणून दुरून पाहण्याची मोकळीक साताऱ्याला नाही. जिल्ह्यातच औंध आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचवले, त्यावर मराठी-इंग्रजी पुस्तके लिहिली. १९३८ साली लंडनहून लुईस मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि नमस्कार सातासमुद्रापार गेले. भवानरावांनी स्वतःची हकीकत लपवली नाही. आधी कित्येक वर्षे ते युजीन सँडो या प्रशियात जन्मलेल्या बलोपासकाच्या पद्धतीने, त्याची साधने मागवून व्यायाम करीत असत. मग मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. (सँडो मराठीत उरला तो बनियनीच्या रूपाने.) सूर्याला नमस्कार घालण्याची रीत जुनी होती यात शंका नाही, पण दहा अवस्था ठरवून, संख्या आणि वेळ बांधून, मुलामुलींना एका रांगेत उभे करून घ्यायचा शास्त्रशुद्ध व्यायाम म्हणून त्याला आजचा जो घाट आहे तो विसाव्या शतकाचा आहे आणि त्या घाटात सँडोच्या काळाची बोटे उमटलेली आहेत. मार्क सिंगलटन यांनी २०१० साली आणि एलियट गोल्डबर्ग यांनी २०१६ साली हे विस्ताराने दाखवले. तरीही आपल्या शाळांतील फलकांवर नमस्कारांचा इतिहास लिहिताना आपण वैदिक ऋषींपासून समर्थ रामदासांकडे आणि तिथून थेट आजच्यापाशी येतो. औंध-मिरजेचा टप्पा, ज्याचे कागद उपलब्ध आहेत, तो वगळतो. मल्लखांबाविषयी ‘मानसोल्लासा’चा दाखला देताना दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधरांचे नाव निदान टिकून राहिले, भवानरावांच्या वाट्याला आपल्याच जिल्ह्यात तेवढेही येत नाही.

तायक्वांदोच्या काही शिक्षकांचे म्हणणे असे की नवशिक्याला हे सांगू नये. दोन हजार वर्षांच्या परंपरेपुढे तो जसा वाकतो तसा सत्तर-ऐंशी वर्षांच्या परंपरेपुढे वाकणार नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. शिस्तीला आदराचा आधार लागतो आणि आपल्याकडे आदर वयाला मिळतो. पण तोच नवशिक्या वर्षा-दोन वर्षांत कराटेच्या वर्गातील एखाद्या मित्राचा क्रम पाहतो, पावले ओळखतो, आणि मग त्याला पुस्तिकेसकट शिक्षकाचाही संशय येऊ लागतो. त्यापेक्षा पट्ट्याच्या परीक्षेत ‘तायक्वांदोचा उगम सांगा’ या प्रश्नाला त्याने असे उत्तर द्यावे : ओकिनावाच्या शाळामास्तरांनी चिनी विद्येतून हे घडवले, त्यांच्यापैकी एकाने ते तोक्योला नेले, तिथे परक्या राज्यात शिकणाऱ्या कोरियन विद्यार्थ्यांनी ते उचलून घरी आणले, युद्धातून उठलेल्या त्यांच्या सैन्याने त्याला १९५५ साली नाव दिले, सेऊलच्या खेळाडूंनी त्यात लाथा घातल्या, आणि १९७०च्या दशकात ते आमच्या देशात आले. या उत्तराला पूर्ण गुण देणारा परीक्षक आम्हाला पाहायला आवडेल.